डाव माहीत असतो, मग ऐनवेळी लागत का नाही? जिउ-जित्सूचा आखीव सराव, कुस्तीच्या भाषेत

जुन्नर-आंबेगावकडची जत्रा म्हटली की कार्यक्रम साधारण ठरलेला. पहाटे देवाला अभिषेक, मग मांडव डहाळे, दिवसा बैलगाडे, रात्री छबिना आणि तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणातही आखाडा भरतो. सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. मग इनाम वाढत जातं आणि जोड तगडे होत जातात.

हगाम्याच्या कडेला बसून नीट पाहिलं तर एक गोष्ट हमखास दिसते. ज्या पोराला ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा असे दहा डाव तोंडपाठ आहेत, तो मातीत उतरल्यावर एक-दोनच डाव मारतो. बाकीचे कुठे जातात? समोरचा जोर लावतो, दम लागतो, आणि डोक्यात असलेलं हाता-पायांत उतरतच नाही.

ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकणाऱ्या नव्या माणसाचीही हीच तक्रार असते. मोबाईलमध्ये दोनशे रील सेव्ह आहेत, प्रत्येक लॉक कसा लागतो हे सांगता येतं, पण मॅटवर समोरच्याने मान दाबली की सगळं विसरायला होतं. यावर जिउ-जित्सूकडे एक उत्तर आहे: आखीव सराव, म्हणजेच ड्रिल. तालमीत वाढलेल्या माणसाला त्यातलं अर्धं ओळखीचं वाटेल. उरलेलं अर्धं मात्र त्याच्या सवयींच्या थेट विरोधात जातं.

आधी थोडक्यात: हा खेळ आहे काय?

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान ही संस्था काढून ज्यूदोची पायाभरणी केली. त्याच कोडोकानमध्ये तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले आणि पुढे बेलें शहरात स्थिरावले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. ग्रेसी बंधूंनी ही विद्या जमिनीवरच्या झटापटीकडे वळवली आणि त्यातून आजचं ब्राझिलियन जिउ-जित्सू घडलं.

यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरच्याला खाली आणायचं, वरचढ जागा मिळवायची आणि गळा आवळून किंवा सांधा पिळून त्याला हार मानायला लावायची. हार मानणारा हाताने दोन-तीन थापा मारतो, त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला नाही तर गुण मोजतात. प्रचलित नियमांप्रमाणे पाडल्याचे २, पायांचा अडसर ओलांडून बाजूला पोहोचल्याचे ३, छातीवर स्वार झाल्याचे किंवा पाठीचा ताबा घेतल्याचे ४.

सरावाच्या दृष्टीने कानोंचं एक काम फार मोलाचं आहे. जुन्या जुजुत्सूतले जे डाव पूर्ण जोराने मारले तर जोडीदार कायमचा जायबंदी होईल, ते त्यांनी खुल्या लढतीतून बाजूला काढले. उरलेले डाव रोज, खऱ्या जोराने, खऱ्या विरोधासमोर मारता येऊ लागले. कितीही जीवघेणा डाव असला तरी तो कधी कुणावर मारूनच पाहिलेला नसेल, तर रोज शंभर वेळा मारलेल्या साध्या डावापुढे तो टिकत नाही. जिउ-जित्सूचा सगळा सराव या एका विचारावर उभा आहे.

तालमीत हे होतंच की

आखीव सराव ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. तालमीतला दिवस पाहा. आधी फावड्याने हौदा उकरायचा, मग जोर, बैठका, सपाट्या, आणि अंग तापल्यावर लढत. लढतीत वस्ताद मधेच थांबवतो, पोराला पुन्हा त्याच जागी उभं करतो आणि म्हणतो, "परत." एकाला मातीत गुडघ्या-हातांवर बसवायचं, दुसऱ्याने पाठीमागून कब्जा घेऊन त्याला उलटवायचं, उलटला की पुन्हा तिथूनच सुरू. जिउ-जित्सूवाले ज्याला मोठ्या कौतुकाने 'ठरावीक स्थितीतली लढत' म्हणतात, ती हीच.

एकट्याने करायच्या सरावाचं तर महाराष्ट्राकडे जगावेगळं उदाहरण आहे. मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला नव्याने रूप दिलं, असं परंपरा सांगते. नावातच मल्ल आहे. लाकडी खांब हा न थकणारा, न रागावणारा जोडीदार. त्याला पायांनी विळखा घालायचा, पकड बदलायची, उलटं व्हायचं. आज मल्लखांब ही स्वतंत्र क्रीडा झाली आहे आणि कुस्तीशी असलेलं तिचं नातं बरेच जण विसरले आहेत. पण दोन्ही पायांनी घट्ट विळखा घालून हात मोकळे ठेवणं ही जिउ-जित्सूतली फार महत्त्वाची हालचाल आहे, आणि मल्लखांबावर ती आयती मिळते.

सरावाच्या पायऱ्या

पहिली पायरी एकट्याची. पाठीवर झोपून कंबर बाजूला सरकवत मागे जायचं (कोळंबी अंग आखडते तशी दिसते म्हणून इंग्रजीत तिला कोळंबीचंच नाव आहे), पूल करून खांद्यावर वळायचं, एक हात टेकवून तोल न जाता उठायचं. दहा मिनिटं पुरेत. इथे अर्धा तास घालवणारे लोक घाम गाळतात, पण समोर माणूस नसल्यामुळे वेळ कधी साधायची हे त्यांना कळत नाही.

दुसरी पायरी जोडीदाराची, विरोधाशिवाय. डावाचा आराखडा अंगात बसवण्यापुरतीच ती ठेवावी. पकड कुठे, डोकं कुठे, वजन कोणत्या पायावर, इतकं कळलं की पुढे जायचं.

खरी गंमत तिसऱ्या पायरीत आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. इथे तीन गोष्टी आधी ठरवायच्या: सुरुवात कुठून, प्रत्येकाने काय साधायचं, आणि विरोध किती करायचा. समजा वरच्या माणसाने छातीवर बैठक मारली आहे. खालच्याचं काम निसटायचं, वरच्याचं काम टिकून राहायचं. दोघांपैकी एकाचं काम झालं की लगेच थांबायचं आणि पुन्हा त्याच जागी यायचं. तीन मिनिटांत अशा सहा-सात झटापटी होतात. हीच स्थिती खुल्या लढतीत कदाचित आठवड्यात एकदा येते. दुबळ्या जागेचा सराव वाढवायचा असेल तर याहून स्वस्त उपाय नाही.

विरोध मात्र टप्प्याटप्प्याने चढवायचा. आधी जोडीदाराने फक्त वजन टाकावं, मग पकड सोडवावी, मग पूर्ण जोर. पहिल्याच फेरीत दोघं ईर्ष्येला पेटले तर तो हगामाच झाला, सराव नाही.

चौथी पायरी खुली लढत. ती हवीच. पण रोज फक्त खुली लढत केली तर प्रत्येक जण आपल्या हुकमी डावावर खेळतो. ज्याचा पट चांगला त्याचा पट आणखी चांगला होतो, आणि त्याची कच्ची बाजू वर्षानुवर्षं कच्चीच राहते.

पैलवानाची अडचण: पाठ

कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की खेळ संपला. चितपट. म्हणून लहानपणापासून पैलवानाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते: पडताना पोटावर वळायचं. विचार करावा लागत नाही, अंग आपोआप वळतं.

जिउ-जित्सूत हीच सवय घात करते. पोटावर वळलं की पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते, तो दोन्ही पाय आत अडकवतो, चार गुण घेतो आणि मागून गळ्याभोवती हात टाकतो. उलट पाठीवर पडून समोरच्याला आपल्या पायांच्या मधे धरणं ही इथे हार नसून लढण्याची जागा आहे. तिला गार्ड म्हणतात. खालचा माणूस तिथून वरच्याला उलटवू शकतो, गळा आवळू शकतो, कोपराचा लॉक लावू शकतो.

हे सांगून पैलवानाची सवय जात नाही. त्यासाठी सरावाचा नियमच तसा ठेवावा लागतो: खालच्याने गार्डमधून सुरुवात करायची, आणि तो पोटावर वळला की ती फेरी हरली. उलटवलं, उठून उभा राहिला किंवा लॉक लावला तर जिंकला. तीन आठवडे एवढं एकच केलं तरी अंगाला नवी वाट सापडू लागते.

दुसरी अडचण पटात आहे. पट काढायला पैलवान डोकं खाली घालून घुसतो. कुस्तीत गळा आवळता येत नसल्याने त्यात फारसा धोका नसतो. जिउ-जित्सूत डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं की समोरचा काखेत मान धरून आवळतो. उपाय पुन्हा तसाच. एकाने फक्त पट मारायचा, दुसऱ्याने फक्त मान पकडायची. चार-पाच वेळा मान अडकली की डोकं आपोआप वर आणि आतल्या बाजूला येतं.

नियम बदलले की चांगल्या पैलवानालाही पुन्हा शिकावं लागतं, याचा मोठा दाखला खाशाबा जाधवांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे, मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते. तिथे ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी त्याच दृष्टीने मेहनत घेतली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ताकद आणि चपळाई १९४८ लाही होतीच.

एकच डाव शंभर वेळा, की डाव बदलत?

या प्रश्नावर १९७९ सालचा शी आणि मॉर्गन या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात लोकांना हाताच्या हालचालींचे तीन क्रम शिकवले. एका गटाने आधी एक क्रम पूर्ण घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाने तिन्ही क्रम उलटसुलट मिसळून केले. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. पण दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेल्यांना जास्त आठवत होतं.

म्हणजे सराव गुळगुळीत चालतोय याचा अर्थ शिकणं चाललंय असा होत नाही. जिउ-जित्सूच्या जगात सध्या यावरून बराच वाद पेटला आहे. काहींच्या मते विरोधाशिवायचा सराव पूर्ण बंद करावा आणि सगळं छोट्या छोट्या लढतींतूनच शिकवावं. प्रयोग हाताच्या साध्या हालचालींचा होता, झटापटीचा नव्हे, त्यामुळे तो जसाच्या तसा मॅटवर उचलून ठेवता येणार नाही. नवख्याला डावाचा आराखडा आधी दाखवावाच लागतो. पण त्याच डावाच्या शंभर मऊ आवर्तनांपेक्षा वीस आवर्तनं आणि मग पाच फेऱ्या विरोधासह, हे गणित बहुतेक ठिकाणी फायद्याचं ठरतं.

मंचर किंवा नारायणगावात कोच नसेल तर?

या भागात तालमी आहेत, जिउ-जित्सूचे वर्ग शोधावे लागतात. आठवड्यातून एकदा पुण्याला जाऊन शिकायचं आणि उरलेले दिवस गावात दोघा-तिघांनी घोटायचं, असा मार्ग निघू शकतो. तासाभराची आखणी अशी: दहा मिनिटं एकट्याच्या हालचाली, दहा मिनिटं पुण्यात शिकलेल्या डावाचा आराखडा, पंचवीस मिनिटं ठरावीक स्थितीतल्या फेऱ्या, शेवटची पंधरा खुली लढत. महिनाभर दोनच स्थिती घ्यायच्या आणि फेऱ्यांत त्या आलटूनपालटून करायच्या. वहीत लिहायचं: दहापैकी किती वेळा निसटलो, आणि कुणाकडून. हलक्या जोडीदाराकडून आठ वेळा निसटलो याला फारसा अर्थ नाही. आपल्या वजनाच्या माणसाकडून तीनाचे पाच झाले तर सराव लागू पडतोय.

वेळेचं मात्र पाहावं लागतं. हा बिबट्यांचा भाग आहे, उसाच्या कडेने पहाटे अंधारात एकट्या पोराने तालमीला निघू नये. उजाडल्यावर किंवा सोबतीने जावं.

काही गोष्टी कोचशिवाय करूच नयेत. टाच पिळण्याचे लॉक त्यांतले पहिले, कारण तिथे दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं नुकसान झालेलं असतं. मान पिळायची नाही. गळा आवळताना टॅप झाला, जोडीदार गप्प पडला किंवा त्याचा हात सैल झाला, की त्या क्षणी सोडायचं. पैलवानाला टॅप करणं कमीपणाचं वाटतं, ही अडचण खरी आहे. पण सरावात टॅप करणं म्हणजे 'परत सुरू करू' एवढंच असतं. मॅट रोज जंतुनाशकाने पुसावी, नखं कापलेली असावीत, आणि अंगावर गजकर्ण दिसलं तर बरं होईपर्यंत घरी थांबावं. एकाचं गजकर्ण जोडीदारांना सहज लागतं. कान सुजला तर दाबत बसू नये. डॉक्टरांनी वेळेत आतलं रक्त काढलं तर कान वाचतो, नाहीतर कायमचा मोडतो. मोडका कान ही आपल्याकडे पैलवानाची खूण मानतात ते वेगळं.