गारखेड्याच्या कातळातले पाणी

आज छत्रपती संभाजीनगराच्या वस्तीत पूर्णपणे विलीन झालेले गारखेडा एके काळी शहराबाहेरचे खेडे होते, आणि या पठारावरील इतर गावांप्रमाणे त्याचेही जीवित काळ्या कातळाच्या सांध्यांत साठणाऱ्या पाण्यावर अवलंबून होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर साचून बनलेला हा खडक स्वभावतः कृपण. पाणी वाहते ते त्याच्या चिरांतून आणि थराथरांमधील झिजलेल्या पट्ट्यांतून.

या शहराचा संस्थापक मलिक अंबर याने कातळाचा हा स्वभाव जाणला होता. १६१० मध्ये खडकी या नावाने ते वसविल्यावर त्याने हर्सूलच्या बाजूला भूमीत झिरपणारे पाणी भुयारी नहरीने, केवळ उताराच्या आधारे, शहरात आणले. नहर-ए-अंबरीच्या त्या तजविजीत खडकावर जबरदस्ती नव्हती.

जबरदस्तीचे युग विंधन विहिरींबरोबर आले. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या वर्षीच राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, आणि कालांतराने तिच्या कार्यात जलभंजनाचा समावेश झाला: बोअरमध्ये रबरी बूच (पॅकर) घट्ट बसवून, खाली प्रचंड दाबाने पाणी सोडून, बुजलेल्या चिरा मोकळ्या करावयाच्या. तेलविहिरींसाठी १९४९ मध्ये अमेरिकेत व्यापारी वापरात आलेली ही विद्या तहानलेल्या गावांना खरोखर उपकारक ठरली.

परंतु इकडे चिकलठाणा व वाळूज येथे कारखानदारी वाढली, खाम व सुखना या नद्या सांडपाण्याच्या वाहिन्या बनल्या, आणि पाणी किती आहे या प्रश्नाशेजारी ते कसे आहे हा प्रश्न उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चिकण मातीत अशाच भेगा पाडून, त्यांत वाळू भरून, आतील विषारी द्रव्ये उपसून काढण्याचे प्रयोग केले. तेव्हा हाच उपाय येथेही का करू नये, असे एखाद्या सुबुद्ध माणसास वाटणे स्वाभाविक आहे.

येथेच सावध झाले पाहिजे. दाबाखाली फुटणारी भेग अभियंत्याच्या नकाशाप्रमाणे चालत नाही. खडकातील ताण आणि जुने सांधे नेतील तिकडे ती जाते. वरच्या थरात अडकलेले विष त्या वाटेने खालच्या स्वच्छ थरात उतरू शकते, पाण्याहून जड असलेले औद्योगिक द्रावक तर विशेषेकरून. शिवाय शेजारच्या वस्तीची विहीर त्याच सांध्यावर असेल, तर एकाच्या शुद्धीकरणाचा दंड दुसऱ्याच्या घागरीस भोगावा लागेल. पाणी वाढविताना फसलेला प्रयोग फार तर खर्च बुडवितो. मलिन थरात फसलेला प्रयोग मलिनतेचा अंमल वाढवितो, आणि खोलवर गेलेली भेग शोधून बुजविणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणून कातळाची चिकित्सा आधी व्हावी, आसपासच्या प्रत्येक विहिरीचे पाणी तपासून त्याची नोंद दप्तरी यावी, शेजाऱ्यांची संमती घ्यावी, आणि सर्वांआधी सांडपाणी उगमापाशीच थांबवावे. एवढे झाल्याखेरीज मलिन भूजलाच्या नावाने आपल्या गावाचा कातळ फोडण्यास कोणत्याही नागरिकाने अनुमती देऊ नये.