सासर एका देशात, माहेर दुसऱ्या देशात



पंचमीला माहेरी जायचं तर आपण पिशवी भरतो आणि एसटीत बसतो. पण माहेर दुसऱ्या देशात असेल तर? एरवी पासपोर्ट लागतो आणि व्हिसा, म्हणजे त्या देशात शिरायची परवानगीही लागते. बिहारमध्ये माहेर आणि नेपाळमध्ये सासर असलेल्या बायकांना मात्र यातलं काही लागत नाही. रक्सौलहून पलीकडच्या बीरगंजला लोक चालत, सायकलवर, टांग्यातून जातात. हे कसं घडलं, ते आज ऐकू या.

ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यात लढाई झाली. १८१६मध्ये सुगौलीचा तह लागू झाला आणि सीमा आखली गेली. रेघ शेतांमधून गेली, पण दोन्हीकडची माणसं तीच राहिली. भाषा तीच, मैथिली नाहीतर भोजपुरी. छठचा सण तोच. रोटी-बेटी व्यवहारही चालूच राहिला.

पुढे भारत स्वतंत्र झाला. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूला दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला. त्यातल्या सातव्या कलमानं एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची आणि ये-जा करण्याची सवलत दिली. सुमारे साडेसतराशे किलोमीटरची ही सीमा आजही खुली आहे. विमानानं जाताना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं.

पण बायांनो, उघड्या दारातून पाहुणा येतो, तसा चोरही येतो. नोंद नाही, म्हणजे कोण कुणाला घेऊन गेलं हे कळत नाही. दलालांनी याचाच फायदा घेतला. नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून नेपाळच्या कितीतरी मुली आपल्या मुंबईत कामाठीपुऱ्यात विकल्या. १९९६मध्ये पोलिसांनी छापे घालून शेकडो मुली सोडवल्या. त्यांत नेपाळी मुली पुष्कळ होत्या. परत गेलेल्यांपैकी काहींनी त्याच वर्षी स्वतःची संघटना उभी केली, शक्ती समूह. २०१३मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याआधी, १९९३मध्ये, अनुराधा कोइराला यांनी 'माइती नेपाळ' ही संस्था काढली. नेपाळीत माइती म्हणजे माहेर! या संस्थेच्या बायका सीमेवरच्या नाक्यांवर उभ्या राहतात. त्यांतल्या काही स्वतः त्या नरकातून सुटलेल्या आहेत. एखादी मुलगी बावरलेली दिसली की विचारतात, 'बाळ, कुठं चाललीस? सोबत कोण आहे? घरी ठाऊक आहे का?'

कुणी म्हणेल, मग सीमाच बंद करा. २०२०मध्ये करोनामुळे ती बंद झाली, तेव्हा कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. दार बंद केलं की लेकीची माहेरची वाटही बंद होते. दार उघडं ठेवायचं, पण उंबरठ्यावर कुणीतरी जागं हवं.

आपल्या गावातूनही मुली कामासाठी शहरात जातात. त्यांना कोण नेतं, कुठं नेतं, पत्ता काय, फोन लागतो का, हे आपल्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत नक्की विचारा आणि वहीत लिहून ठेवा. शंका आली तर लहान मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत.