आगाऊ तिकिटाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, लातूरहून नांदेडला एक व्यावसायिक नाटक पाहण्याचा बेत आम्ही आखला. बेत आखला असे म्हणणेही धाडसाचेच, कारण आम्ही आखली होती ती फक्त गाडी. धर्मग्रामातील तीन कुटुंबे आणि एक निवृत्त शिक्षिका असा परिवार सकाळी ध्वजवंदन आटोपून निघाला. सव्वाशेहून अधिक किलोमीटरची वाट संपवून नाट्यगृहाच्या दारी पोहोचलो, तेव्हा खिडकीवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी झळकत होती. सुट्टीचा दिवस आम्हांला होता तसाच साऱ्या शहरालाही होता, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "फादर, मनाला लावून घेऊ नका. नाटक पुन्हा येईल की." त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला : तिकीट आधी काढून ठेवण्याची ही रीत आली कोठून आणि आपल्या भागात ती इतकी उशिरा का रुजली?

मराठी नाटकाचा जन्म झाला तेव्हा तिकीट हा प्रकार नव्हताच. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले, ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. प्रेक्षक हे दरबाराचे पाहुणे. पाहुण्याला कोणी दाम विचारत नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन मुलूखगिरीला निघावे लागले. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाची जागा अशा रीतीने प्रेक्षकाने घेतली. तिकीट म्हणजे केवळ प्रवेशाचे शुल्क नव्हे. एका मोठ्या आश्रयदात्याच्या जागी उभ्या राहिलेल्या शेकडो लहान आश्रयदात्यांची ती वर्गणी होय. हे ध्यानी घेतले म्हणजे आगाऊ तिकिटाचा अर्थही उलगडतो. राजा आधी शब्द देत असे. आता तो शब्द प्रेक्षकाने द्यायचा असतो.

हा शब्द किती मोलाचा ठरू शकतो, याचे उदाहरण ८ जुलै १९२१ चे. लोकमान्यांच्या निधनानंतर उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे दोन नायक एका रंगमंचावर पुन्हा येतील याची खात्री कोणालाच देता आली नसती. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते, तरी नाट्यगृह ओसंडून गेले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. 'पुढच्या खेपेला पाहू' म्हणून घरी बसलेल्यांना ती पुढची खेप फार काळ मिळण्यासारखी नव्हतीच.

आता आपल्या गोदाकाठाकडे वळू. नांदेड व लातूर ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या नाटक मंडळीपुढे येथे अडचणींची रांगच उभी असे. पहिली अडचण वाटेची. नांदेडला १९०० मध्ये मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज आली. लातूरला १९११ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी पोहोचली. मुंबई-पुण्याची रुंद गाडी मनमाडला वा कुर्डुवाडीला सोडायची, पडदे, पेटारे, पेट्या-तबले उतरवायचे आणि दुसऱ्या गाडीत चढवायचे! दुसरी अडचण नाण्याची. निजामी मुलखात हाली शिक्का चाले आणि सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार. खिडकीवर जमलेला गल्ला घरी नेताना तो असा आक्रसत असे. तिसरी अडचण आमच्या वाचकांना विशेष वाटावी अशी आहे. त्या राज्यात सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे. मुंबईकर मंडळीचे सारे गणित रविवारवर बेतलेले. येथील नोकरदार प्रेक्षक मात्र शुक्रवारी मोकळा! सुट्टी ही आकाशातून पडत नाही. राज्य जसे, तशी सुट्टी.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. सुट्टीचे पंचांगच पालटले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू झालेली होतीच. पुढे तिची केंद्रे नांदेड-लातूरपर्यंत आली आणि हौशी कलावंतांची नाटके नाममात्र दरात पाहण्याची सवय गावाला लागली. ज्या १७ सप्टेंबरला आम्ही तिकिटाविना परतलो, ती सुट्टी स्वतःच अशी मोल देऊन मिळालेली आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले, तेही याच तारखेला.

मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला आगाऊ तिकिटाचे शिक्षण वर्तमानपत्राने दिले. नाटकाची जाहिरात वाचायची, आसनांचा नकाशा, ज्याला नाटकवाले 'प्लॅन' म्हणतात, तो कोणत्या सकाळी उघडणार हे पाहायचे आणि खिडकीपाशी रांगेत उभे राहायचे. कारकून पेन्सिलीने चौकोनावर फुली मारी आणि ती खुर्ची आपली होई. तेथे एखादा प्रयोग चुकला तर पुढल्या आठवड्यात दुसरा असतो. आमच्याकडे तसे नाही. मुंबईचे नाटक येथे दौऱ्यावर येते, बहुधा एका प्रयोगापुरते. स्थानिक कंत्राटदार निर्मात्याला ठरीव रक्कम देऊन तो प्रयोग विकत घेतो. नाट्यगृहाचे भाडे, कलावंतांचा मुक्काम, फलक असा खर्च करतो आणि तिकिटांवर डोळा ठेवून दिवस मोजतो. चार दिवस आधी खिडकीवर शुकशुकाट दिसला की त्याचा धीर सुटतो आणि प्रयोग रद्द होतो. ऐन वेळी येऊ म्हणणारे दोनशे लोक मनात कितीही उत्सुक असोत, कंत्राटदाराच्या वहीत ते नसतातच. म्हणजे येथे आगाऊ तिकीट ही जागा मिळवण्याची युक्ती नव्हे; नाटक गावात यावे की न यावे, याचाच तो कौल आहे.

आपल्या खेड्यापाड्यांना मात्र हे शहाणपण पूर्वीपासून ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तेथे जाऊन आपल्या यात्रेच्या तिथीसाठी फडाला सुपारी देतात. तिथी आधी, फड नंतर. उशिरा येणाऱ्याला उरलासुरला फड. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. तेथे तंबू ठोकणारे फडही आपले वर्ष अशा तिथींवरच बेततात. शिकल्यासवरलेल्या आम्ही ऐन वेळी शंभर मैल धावावे आणि गावच्या पाटलाने महिने आधी सुपारी देऊन निश्चिंत व्हावे, यात हसण्यासारखे काय असेल तर ते आमच्याकडेच!

दूरदेशीचे एक उदाहरण द्यायलाच हवे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात ओबरअमरगाऊ नावाचे गाव आहे. १६३३ मध्ये प्लेगच्या साथीत गावकऱ्यांनी नवस केला की, संकट टळले तर प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाटक आम्ही नेमाने करू. १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला आणि पुढे दर दहा वर्षांनी तो करण्याची प्रथा पडली. गावात जन्मलेल्यांना किंवा वीस वर्षे राहिलेल्यांनाच त्यात भूमिका मिळते. जगभरचे भाविक त्याची तिकिटे वर्ष-दोन वर्षे आधी काढतात. २०२० चा हंगामही असाच आधी ठरला होता. मार्चमध्ये महामारीमुळे तो पुढे ढकलावा लागला आणि प्रयोग झाले ते २०२२ मध्ये. साथीतून जन्मलेले नाटक साथीनेच अडवले!

त्याच मार्चमध्ये आपलीही नाट्यगृहे बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२०, म्हणजे रंगभूमी दिनी, ती निम्म्या आसनांवर उघडली. पुढच्या वसंतात पुन्हा बंद पडली. २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. लातूरकरांना असल्या धड्याची गरज नव्हती. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जित करून माणसे घरी येऊन निजली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारोंना गिळले. आपले बेत किती तकलादू असतात, हे या मातीला कोणी सांगायला नको. तरीही त्याच मातीत पुन्हा यात्रा भरल्या, स्पर्धा झाल्या, पडदे उघडले. बेत मोडू शकतो म्हणून बेतच न करणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता तिकीट भ्रमणध्वनीवर निघते; नकाशावरील चौकोन बोटाच्या स्पर्शाने आपला होतो. पण आधी ठरवण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते. आमच्या धर्मग्रामात आता सुट्ट्यांची यादी भिंतीवर असते. दौऱ्याची जाहिरात दिसली की त्याच रविवारी मिस्सेनंतर नावे घेतली जातात, पैसे जमा होतात आणि कोणीतरी एक जण जबाबदारीने तिकिटे काढतो. यंत्रणा साधीच आहे. ती उभी करायला आम्हांला उशीर झाला एवढेच.

कारण त्या बाईंचे म्हणणे खरे ठरले. नाटक पुन्हा आले. त्या दिवशी तिकिटेही आमच्या हाती होती. बाई मात्र त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात देवाघरी गेल्या होत्या.