नसलेल्या पदार्थाचा शोध

'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे' हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पण एखाद्या चौकस मुलीने 'म्हणजे तिथे नेमके काय होते?' असे विचारले, तर आपण बहुधा 'अन्नाचे ज्वलन होते आणि एटीपी तयार होतो' असे सांगून पुढे जातो. ज्वलन आणि एटीपी यांना जोडणारा दुवा कोणता, हे सांगायचे राहून जाते. याच दुव्याने एके काळी नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे झुलवले होते. ती हकिगत वर्गात सांगण्याजोगी आहे.

कारखान्याचा पत्ता

पेशीतील हे कण एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी त्यांना 'मायटोकॉन्ड्रिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'मायटोस' म्हणजे धागा आणि 'कॉन्ड्रोस' म्हणजे कण. आपला 'तंतुकणिका' हा शब्दही तेच सांगतो. एटीपी सापडला १९२९ मध्ये, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि अमेरिकेत सायरस फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. ऑक्सिजन वापरून एटीपी बनवण्याचे काम तंतुकणिकांत चालते, हे १९४८ साली यूजीन केनेडी व आल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवून दिले. कारखान्याचा पत्ता लागला होता, पण आतले यंत्र दिसत नव्हते.

१९५३ मध्ये एडवर्ड स्लेटर यांनी सुचवले, की ज्वलनातून आधी एखादा ऊर्जासंपन्न मधला पदार्थ तयार होत असावा आणि तो आपली ऊर्जा एटीपीला देत असावा. ग्लुकोजच्या विघटनात असे मधले पदार्थ खरोखरच सापडले होते, त्यामुळे हा तर्क अगदी रास्त होता. अनेक प्रयोगशाळा त्या पदार्थाच्या मागे लागल्या, पण तो काही हाती येईना. आणखी दोन गोष्टी कोड्यात टाकत होत्या. तंतुकणिकेचे आतले पटल फाटले, की ज्वलन चालू राही, पण एटीपी बनत नसे. डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन घातले तरी तेच घडे.

पदार्थ नव्हे, फरक

१९६१ साली इंग्लंडचे पीटर मिचेल यांनी वेगळाच विचार मांडला: असा मधला पदार्थ नाहीच! ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन आतल्या पटलाच्या बाहेर ढकलले जातात. धरणात पाणी साठावे तसे ते बाहेर साठतात आणि पटलातील एका विकरातून आत परत येताना एटीपी घडवतात. ऊर्जा साठते ती पटलाच्या दोन बाजूंमधल्या फरकात. मग दोन्ही कोडी सुटतात. पटल फाटले, की धरण फुटले. डायनायट्रोफिनॉल प्रोटॉनना पटलातून चोरवाटेने आत आणते, त्यामुळे फरक टिकत नाही आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते.

या कल्पनेवर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९६३ मध्ये पोटातील व्रणामुळे मिचेल यांनी एडिनबरो विद्यापीठ सोडले. कॉर्नवॉल परगण्यातील एक जुना वाडा दुरुस्त करून, स्वतःच्या व भावाच्या पैशातून त्यांनी तिथे छोटी प्रयोगशाळा उभारली. सहकारी जेनिफर मॉइल यांच्यासह त्यांनी दाखवले, की उंदराच्या यकृतातील तंतुकणिकांना थोडा ऑक्सिजन दिला की भोवतालचा द्राव आम्लधर्मी होतो. म्हणजे प्रोटॉन खरोखरच बाहेर पडत होते.

१९६६ मध्ये आंद्रे जागेनडॉर्फ व अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतील हरितलवके आधी आम्लात ठेवली आणि मग अंधारातच आम्लारीत टाकली. प्रकाश नव्हता, तरी एटीपी तयार झाला! नुसता प्रोटॉनांचा फरक पुरेसा ठरला. १९७७ मध्ये मिचेल, स्लेटर व आणखी चौघांनी एकाच समीक्षालेखात आपापली बाजू मांडली. १९७८ मध्ये मिचेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र मिचेल यांचेही सारेच बरोबर नव्हते. विकराच्या आत एटीपी कसा घडतो, याबद्दलची त्यांची कल्पना चुकीची निघाली. तिथे पॉल बॉयर यांचे म्हणणे खरे ठरले: विकराचा एक भाग चक्क फिरतो. जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

फळ्यावरचा आकडा

एका ग्लुकोजपासून एटीपीचे ३८ रेणू मिळतात, असे आम्ही शाळेत पाठ केले आणि त्यावर गुणही मिळवले. तो आकडा त्या 'मधल्या पदार्था'च्या काळातला आहे. पदार्थातून पदार्थ घडत असेल, तर हिशेब पूर्णांकात येणार, म्हणून एका एनएडीएचमागे ३ रेणू धरले जात. प्रोटॉनांच्या हिशेबाला असे बंधन नाही. एका एनएडीएचमुळे सुमारे १० प्रोटॉन बाहेर जातात आणि एका एटीपीसाठी सुमारे ४ खर्ची पडतात. म्हणून आज एका एनएडीएचमागे अडीच आणि एका ग्लुकोजमागे साधारण ३० ते ३२ रेणू धरतात.

परीक्षेसाठी पुस्तकातला आकडा सांगावा लागत असेल, तर जरूर सांगावा. पण तो का बदलला हेही सांगावे. शोधलेली वस्तू सापडत नसेल, तर कधी शोध अपुरा असतो, तर कधी प्रश्नच चुकलेला असतो. हे मुलांना कळले, तर ३८ विसरले तरी बिघडणार नाही.