पॅरिसची खानावळ आणि लालबागचा बिस्त्रो

गेल्या वर्षी कंपनीने तीन आठवड्यांसाठी पॅरिसला पाठवलं. जेवणाचा रोजचा भत्ता ठरलेला होता. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला आणि आयफेल टॉवर दिसेल अशा ठिकाणी जाऊन बसलो. चार भाषांतलं मेनूकार्ड, प्रत्येक पदार्थाचा रंगीत फोटो, दारात हसून बोलावणारा माणूस... बिल आलं आणि अर्ध्याहून जास्त भत्ता एका जेवणात गेला. वर पोट भरलं नाही ते वेगळंच.

रात्री घरी फोन केला. बाबा धाटावच्या एमआयडीसीत ऑपरेटर होते, फ्रान्सशी त्यांचा संबंध काय? पण ते लगेच म्हणाले, "दुपारी जेवायच्या सुट्टीत तिथले कामगार कुठे जातात ते बघ आणि त्यांच्या मागे जा. तुझ्या आजोबांनी मला मुंबईत हेच शिकवलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रंगाचे डाग पडलेल्या पँटी घातलेल्या तीन माणसांच्या मागे गेलो. मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेले दोन-तीनच पदार्थ. भरपूर जेवलो, आणि आदल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. बाबांचा फंडा बरोबर निघाला! मग प्रश्न पडला की असं का? उत्तर शोधता शोधता पॅरिसहून थेट लालबागला पोचलो. तर मंडळी, आजचा लेख त्याबद्दल.

आधी 'बिस्त्रो' या शब्दाची गंमत. १८१४ मध्ये नेपोलियनला हरवून रशियन सैनिक पॅरिसमध्ये शिरले, ते हॉटेलात "बिस्त्रो, बिस्त्रो" म्हणजे "लवकर आणा" असं ओरडायचे, त्यावरून हा शब्द आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण हा शब्द छापील मजकुरात सापडतो तो १८८० च्या दशकात, म्हणजे तब्बल सत्तर वर्षांनी. सैनिक एवढा वेळ कुठे लपले होते कोण जाणे!

त्यापेक्षा खरी आणि मोठी गोष्ट आहे ती ओव्हेर्न्य भागातल्या लोकांची. फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ, गरीब मुलखातले हे लोक १९ व्या शतकात पोटासाठी पॅरिसला आले. आधी इमारतींमध्ये पाणी वाहून नेलं, मग कोळसा विकायला लागले. कोळशाच्या दुकानातच एका बाजूला वाईनचं काउंटर टाकलं. नवरा कोळसा पोचवायला बाहेर, बायको काउंटरवर. पुढे त्याच काउंटरवर साधं जेवण मिळायला लागलं. पॅरिसची कितीतरी कॅफे अशीच उभी राहिली.

दुसरी वाट द्युवाल नावाच्या खाटकाची. साधारण १८५५ च्या सुमारास त्याने बाजारातल्या कामगारांसाठी 'बुइयों' सुरू केलं. बुइयों म्हणजे मांसाचं कढण. ज्या तुकड्यांना श्रीमंत गिऱ्हाईक नाही, ते उकडून कढण आणि मांस वाढायचं. भाव ठरलेले आणि आधीच लिहिलेले. पदार्थ थोडे, गिऱ्हाईक खूप. १८९६ मध्ये शार्तिए बंधूंनी सुरू केलेलं बुइयों आजही चालू आहे. तिथे मी जाऊन आलो. भिंतीला नंबर घातलेले छोटे खण आहेत, पूर्वी रोजचे मेंबर आपापला रुमाल त्यात ठेवायचे. वेटर बिल लिहितो ते टेबलावर पसरलेल्या कागदावर. २०१७ नंतर तर पॅरिसमध्ये नवीन बुइयों निघाली आणि तिथे रांगा लागतात.

ते रुमालांचे खण बघितले आणि मला आजोबांची खानावळ आठवली. म्हणजे मी ती कधीच बघितली नाही, पण ऐकलीय इतक्यांदा की डोळ्यासमोर आहे.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. त्यानंतर शंभर वर्षं कोकणातून, घाटावरून माणसं गिरणगावात येत राहिली. बहुतेक जण एकटे. बायको-मुलं गावाला, कारण मुंबईत बिऱ्हाड परवडायचं नाही. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळ्या बदलतील तसे झोपायचे. झोपायची सोय झाली, पण जेवायचं कुठे? त्याच चाळीतल्या एखाद्या घरी. तिथली बाई दहा-वीस माणसांचं दोन वेळचं जेवण रांधायची. महिन्याचा दर ठरलेला, पैसे पगार झाल्यावर. गावी गेलात तर खाडे धरून तेवढे पैसे कमी. सणाला गोडाधोडाचं. पैसे महिन्याने मिळणार पण वाण्याचं सामान आज हवं, म्हणून बाई वाण्याकडे उधारीवर किंवा सावकाराकडे व्याजाने. म्हणजे अख्ख्या गिरणगावाचं भांडवल या बायकांच्या डोक्यावरच्या कर्जातून फिरत होतं. पण कागदोपत्री त्या कोणीच नव्हत्या. ना दुकान, ना लायसन.

१९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या बायकांना बँकेच्या दारात कोण उभं करणार? ते काम केलं प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या या बाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि खानावळवाल्या बायकांना गटाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींची हमी! आज मायक्रोफायनान्सचे मोठमोठे प्रेझेंटेशन बघतो तेव्हा हे आठवतं.

मुंबईतल्या बाकीच्या स्वस्त जागांची कहाणीही ओव्हेर्न्यवाल्यांसारखीच. इराणच्या यझ्दसारख्या भागातून आलेल्या लोकांनी कोपऱ्या-कोपऱ्यावर इराणी हॉटेलं काढली. क्यानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. कोपऱ्यावरची जागा बाकीचे दुकानदार अशुभ मानायचे म्हणून यांना ती स्वस्तात मिळाली, असं सांगतात. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग १९४२ चं. आणि गंमत म्हणजे आमच्या रोह्यापासून जी कोकण रेल्वे सुरू होते, तीच पुढे उडुपीला जाते. (रोहेकर म्हणून एवढी फुशारकी चालवून घ्या.)

थोडक्यात, कुठल्याही मोठ्या शहरात स्वस्त जेवण कोण देतं? बाहेरून आलेली माणसं, बाहेरून आलेल्या माणसांना. पदार्थ मोजके, गिऱ्हाईक रोजचं, आणि घरातल्या माणसांचे कष्ट ज्यांचा पगार कोणी धरत नाही.

आता शेवटचं. आजोबा धाटावहून लालबागला गिरणीत गेले आणि वीसेक वर्षं एकाच मावशींकडे जेवले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगार बंद, तरी मावशींनी ताट बंद केलं नाही. "मिटला संप की द्या," म्हणाल्या. आजोबा होळीपर्यंत थांबले आणि मग गावी आले. दोन महिन्यांच्या जेवणाचे पैसे द्यायचे राहिले. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही.

पुढे धाटावच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळालं. दोनेक वर्षांनी पैसे साठवून आजोबा लालबागला गेले, तर त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. मावशी गावाला गेल्या एवढंच कळलं. कुठलं गाव ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. वीस वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांचं गाव आपण कधी विचारलं नाही, हे आजोबांना पैशापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर ते रोह्याच्या स्टँडवर वडापाव घेतानासुद्धा आधी पैसे द्यायचे आणि मग खायचे. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं.

असो. पॅरिसला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. टॉवर, चर्च वगैरेपासून दोन गल्ल्या आत जा. फोटोवाला मेनू टाळा, खडूचा फळा शोधा. मोठं जेवण दुपारी घ्या, तेव्हा ठरलेल्या किमतीची थाळी मिळते. साधं पाणी जगमध्ये मागा, ते फुकट असतं. सर्व्हिसचे पैसे भावातच धरलेले असतात, टिपेची सक्ती नाही.

आणि एक नियम आजोबांचा, जो मी शेवटच्या आठवड्यात पाळला. तीन आठवडे त्याच बिस्त्रोत जेवत होतो. काउंटरवरच्या बाईंना मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, तुमचं गाव कुठलं? त्या इतक्या खूश झाल्या की दहा मिनिटं बोलत होत्या. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण गावाचं नाव मी वहीत लिहून घेतलंय.