जखम आणि आजार : सैनिकी अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा दावा, नकार आणि अपील

सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर सिद्ध केली तिच्यात अफजलखानाच्या प्रसंगानंतरचा (1659) एक तपशील येतो. लढाईत पडलेल्यांच्या मुलांचे पुढे चालविले. पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. आणि जखमींना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्या. बखरीच्या अभ्यासकांचे लक्ष बहुधा भेटीच्या नाट्यावर खिळून राहते आणि हा परिच्छेद औदार्यवर्णन म्हणून मागे पडतो. वस्तुतः त्यात एक संपूर्ण व्यवस्था आहे. येथे अर्ज नाही आणि अर्जदारही नाही. जखम स्वतःच आपली साक्ष देते. ती पाहणारा आणि देणारा एकच आहे. बखर ही प्रसंगानंतर कित्येक वर्षांनी, गौरवाच्या हेतूने रचलेली संहिता आहे, तेव्हा तिला हिशेबाची वही मानता येणार नाही. परंतु धन्याकडून कोणती अपेक्षा रास्त मानली जात असे, याचा तो विश्वसनीय पुरावा ठरतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत पाहणारा आणि देणारा यांची फारकत झाली. शिपाई नोकरीस निरुपयोगी आहे की नाही हे समिती ठरवू लागली, तिचे मत कागदावर उतरू लागले आणि पैसा तिसऱ्याच कचेरीतून सुटू लागला. सीताराम पांडे या सुभेदाराच्या नावावरील आत्मवृत्त 1873 मध्ये नॉर्गेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या भाषांतरातून पुस्तकरूपाने आले; त्याचे शेवटचे प्रकरण निवृत्तिवेतनाविषयी आहे. मूळ देशी भाषेतील हस्तलिखित हाती नसल्याने ही वाणी किती शिपायाची आणि किती भाषांतरकाराची, हा वाद संपलेला नाही. तौलनिक अभ्यासाला मात्र तो वादच मोलाचा आहे, कारण पुढच्या प्रत्येक दाव्यात हीच अडचण आहे: दुखणे एकाचे, लेखणी दुसऱ्याची आणि भाषा तिसऱ्याची.

पहिल्या महायुद्धात ही गोष्ट उघड झाली. फ्रान्समधील आघाडीवरून आणि ब्रायटनच्या रुग्णालयांतून हिंदी सैनिकांनी लिहिलेली पत्रे सेन्सॉरच्या इंग्रजी उताऱ्यांच्या रूपाने टिकली; डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रांचे संपादन 1999 मध्ये प्रसिद्ध केले. अनेक पत्रे लिहिता येणाऱ्या सोबत्याने सांगितल्यावरून लिहिलेली आहेत. जखम भरली की पुन्हा खंदकात धाडतात, ही त्यांतील वारंवार येणारी तक्रार आहे. अवयव गमावलेल्यांना नवा व्यवसाय शिकविण्यासाठी 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली आणि पुढे ती खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. तुटलेला हात वा पाय हा या संस्थांचा विषय होता आणि त्याबद्दल सरकारशी वाद घालण्याची पाळी क्वचितच येई.

वाद आला तो आजाराबरोबर. क्षय, अपस्मार, मनोविकार यांची जखम दिसत नाही. त्यामुळे कारण सांगावे लागते, आणि कारण सांगणे म्हणजे कथा सांगणे. आजार सेवेमुळे उद्भवला की सेवेमुळे बळावला, या दोन क्रियापदांवर सारा दावा तोलला गेला. इंग्लंडमध्ये सिद्धतेचा भार दावेदारावर नसावा आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला मिळावा, हे तत्त्व 1943 मध्ये युद्धनिवृत्तिवेतनाच्या नियमांत मान्य झाले, आणि त्याच वर्षी अपील न्यायाधिकरणांचा कायदाही झाला. 1947 चा मिलर खटला त्याच न्यायाधिकरणांतून वर आला. पतीचा अन्ननलिकेचा कर्करोग युद्धसेवेशी निगडित आहे, असे विधवेचे म्हणणे होते. न्यायमूर्ती डेनिंग यांनी वाजवी संशयापलीकडची सिद्धता म्हणजे काय, याचे जे विवरण तेथे केले ते पुढे भारतातील फौजदारी निकालपत्रांत शेकडो वेळा उद्धृत झाले. खुनाच्या खटल्यात ते वाचणाऱ्या वकिलाला, हे शब्द मुळात एका विधवेच्या निवृत्तिवेतनासाठी वापरले गेले आणि ती हरली, याची आठवण सहसा नसते.

भारतात 1961 च्या सैनिकी निवृत्तिवेतन विनियमांनी आणि 1982 च्या पात्रता-नियमांनी हीच भाषा स्वीकारली. किमान वीस टक्के अपंगत्व असावे आणि ते सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले असावे, ही अट. भरतीच्या वेळी नोंद झालेली नसेल तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे, हे संरक्षण. नियम वाचल्यावर दावा नाकारला जाणे जवळजवळ अशक्य वाटते. प्रत्यक्षात नकारपत्रांचा एक स्थिर साचा तयार झाला: आजार सेवेशी संबंधित नाही, तो शारीरिक प्रकृतीचा भाग आहे, सबब दावा अमान्य, सहा महिन्यांत अपील करता येईल. ‘प्रकृतीचा भाग’ हा शब्दप्रयोग लक्षणीय आहे. त्यात कारण दिल्याचा आभास आहे, परंतु कारण नाही.

वैद्यकीय मंडळाच्या नमुन्यात सैनिकाच्या स्वतःच्या निवेदनाचा भाग असतो. आजार कोणत्या प्रसंगामुळे झाला वा वाढला असे तुम्हाला वाटते, असा प्रश्न तेथे विचारला जातो. साऱ्या कागदपत्रांत त्याला काय वाटते हे विचारणारी हीच जागा. नंतरची पाने मंडळाच्या मताची असतात आणि निर्णय त्या पानांवरून होतो. या ओळींत उंचावरची चौकी, रात्रीची गस्त, अपुरी झोप किंवा घरून आलेली वाईट बातमी यांपैकी काही उतरले नाही, तर अपिलात ते आठवून सांगणे म्हणजे उशिरा सुचलेली कहाणी ठरण्याचा धोका. म्हणूनच जाणते माजी सैनिक नवख्याला हा भाग घाईने भरू नको, असे बजावतात.

सिग्नल दलातील एका शिपायाचे प्रकरण या साऱ्याचा नमुना म्हणून वाचता येते. तो 1985 मध्ये भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, 1994 मध्ये, अपस्माराच्या कारणास्तव वीस टक्के कायम अपंगत्व ठरवून सेवामुक्त झाला. आजार सेवेशी निगडित नाही असे मंडळाने लिहिले आणि निवृत्तिवेतन नाकारले गेले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरविला. अखेर 2013 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती. मंडळाने आपल्या मताची कारणे दिली नव्हती. आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते मत यांत्रिकपणे स्वीकारले होते. न्यायालयाने नवा नियम केला नाही. 1982 पासून छापलेलाच नियम वाचून दाखविला, इतकेच. सेवामुक्तीपासून तेथपर्यंत एकोणीस वर्षे गेली.

2007 च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण 2009 मध्ये सुरू झाले आणि उपरोक्त निकाल तेथे आधारभूत ठरला. तरीही सैनिकांच्या बाजूने लागलेल्या निर्णयांविरुद्ध शासन अपिले करीत राहिले. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या प्रवृत्तीवर स्पष्ट टीका केली. दुसरी बाजूही नोंदविणे भाग आहे: सुखवस्तू पदांवरून निवृत्त होताना जीवनशैलीच्या विकारांवर दावे केले जातात, असा आक्षेप वाढला होता, आणि सप्टेंबर 2023 च्या नव्या पात्रता-नियमांमागे तो होता. अपंगत्व असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांना मिळणाऱ्या रकमेला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नाव आहे. उच्च रक्तदाब व मधुमेह यांच्या मूल्यमापनाचे निकषही बदलले. माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केला, तो केवळ पैशासाठी नव्हे. रिलीफ म्हणजे साहाय्य, आणि निवृत्तिवेतन हा हक्क, असा त्यांचा अर्थभेद होता. निवेदनाच्या भागातला तो प्रश्न सैनिकाला अजूनही विचारला जातो, आणि उत्तर बहुधा मोजक्या शब्दांत, मातृभाषेखेरीज दुसऱ्याच भाषेत दिले जाते.