मागची खुर्ची कोणाची?

आपण नववीत असताना गॅदरिंगच्या आठवड्यात चित्रकलेच्या वर्गात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं, आठवतंय? थर्माकोलचा रायगड, काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला, सुतळीचे वॉलपीस, आणि या सगळ्यांच्या मध्ये पेनाएवढ्या लांबीचं एक चंदेरी विमान. ते माझं होतं. मामाने इंग्लंडहून दादासाठी प्लास्टिकच्या सुट्या भागांचा खोका आणला होता. दादाचा उत्साह अर्ध्या तासात संपला आणि खोका माझ्याकडे आला. लाकडाच्या पांढऱ्या डिंकाने प्लास्टिक चिकटेना. पोस्टर कलर त्यावर धरेना, म्हणून सायकलच्या दुकानातून चंदेरी ऑइलपेंट आणला. खोक्यावर इंग्लंडच्या कसरती पथकाचं लाल विमान होतं, पण सूचनापत्रावर ‘नॅट’ हे नाव दिसलं आणि माझं ठरलं. पंखांवर केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं काढली आणि पुढे कार्ड ठेवलं : ‘परमवीर चक्र विजेते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचे विमान.’

इतिहासाच्या बाई टेबलाशी आल्या. त्यांनी विमान उचललं नाही, नुसतं वाकून पाहिलं. म्हणाल्या, “छान केलंयस गं. पण सेखों एकटेच होते ना? मग ही मागची खुर्ची कोणाची?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, विमान घरी आलं, आणि प्रश्न तसाच राहिला. स्मरणिकेसाठी ‘काहीतरी लिही’ असा निरोप आला तेव्हा ठरवलं, की तीस वर्षं उशिरा का होईना, बाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

प्लास्टिकची जोडायची विमानं पहिल्यांदा बाजारात आली ती १९३६ साली, इंग्लंडमध्ये. कंपनीचं नाव ‘फ्रॉग’. तिची आधीची विमानं रबराच्या पिळावर खरोखर उडायची. ही नवी नुसती शोभेची, म्हणून त्यांना नाव दिलं ‘पेंग्विन’, म्हणजे न उडणारा पक्षी! ती सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची होती. हे प्लास्टिक काळानुसार वाकडं होतं. प्रमाण होतं १/७२. भूगोलाच्या तासाला नकाशाचं प्रमाण शिकलो, तेच हे : मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानावरचे सहा फूट. सहा फुटी वैमानिक या जगात बरोबर एक इंचाचा. इंच-फुटात विचार करणाऱ्या देशाला सोयीचं म्हणून आलेलं हे प्रमाण आजही जगभर टिकून आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि या खेळण्याला एकदम गंभीर काम मिळालं. आकाशात ठिपक्यासारखं दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे क्षणात ओळखता आलं नाही तर आपलेच वैमानिक आपल्याच तोफांनी पडायचे. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने देशातल्या शाळांना आवाहन केलं : सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी पाच लाख विमानं करून द्या. पन्नास प्रकार, प्रत्येकी दहा हजार नग, प्रमाण १/७२. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत मुलांनी ती लाकडात कोरली. त्यांना काळा रंग द्यायचा, कारण लांबून फक्त आकृतीच दिसते. ३५ फुटांवर धरलेलं असं मॉडेल म्हणजे सुमारे अर्ध्या मैलावरचं खरं विमान. (गणिताच्या सरांसाठी : ३५ गुणिले ७२, बरोबर २,५२० फूट.) आकार आराखड्याशी ताडून पाहिला जाई आणि कामगिरीप्रमाणे मुलांना मानद पदांची प्रमाणपत्रं मिळत. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपला कार्यानुभवाचा तास आठवला. त्या मुलांनी पंखाचा आकार चुकवला असता तर ती चूक केवळ प्रदर्शनातली राहिली नसती.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक सर्रास मिळू लागलं. ते वितळवून दाबाने पोलादी साच्यात सोडलं की बारीकसारीक रेघाही उमटतात. जोडायलाही सोपं. त्याचा खास गोंद म्हणजे खरं तर प्लास्टिक विरघळवणारा द्रव. दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकमेकींत मिसळून सांधल्या जातात. माझ्या पांढऱ्या डिंकाचा पराभव का झाला, ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

या धंद्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव ‘एअरफिक्स’. ही कंपनी १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या निर्वासिताने काढली. सुरुवात हवा भरायच्या रबरी खेळण्यांनी झाली, पुढे केसांच्या फण्या. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे सुटे भाग वूलवर्थच्या दुकानांत साध्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन शिलिंगला विकायला ठेवले आणि ते धडाधड खपले. पाठोपाठ १/७२ मधलं स्पिटफायर आलं. त्या पहिल्या स्पिटफायरमध्ये चुका बऱ्याच होत्या, पण एका पिढीच्या पोरांनी खिशातल्या पैशांतून आपल्या देशाचं युद्ध खोलीच्या छताला दोऱ्याने टांगलं.

इथे एक मुद्दा येतो, आणि बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. पोलादी साचा करणं महाग असतं. तो हजारो नग विकले गेले तरच परवडतो. म्हणून ज्या विमानाला गिऱ्हाईक, त्याचाच साचा. स्पिटफायरचे साचे मोजता येणार नाहीत इतके. आपल्या डोक्यावरून रोज गडगडत जाणारं ओझरचं मिग-२१ अनेक देशांनी वापरलं, म्हणून त्याचेही पुष्कळ. पण बंगळूरला तयार झालेलं आपलं पहिलं लढाऊ जेट, एचएफ-२४ मरुत? त्याचे मुख्य रचनाकार जर्मनीचे कुर्ट टँक. पहिलं उड्डाण १७ जून १९६१. याच टँकसाहेबांनी आधी केलेल्या फोके-वुल्फ १९० चे खोके वाटेल तितके मिळतात. मरुत फक्त भारताने वापरलं, त्यामुळे त्याच्यासाठी छोट्या कारागीर कंपन्यांवर भागवावं लागतं. माणूस तोच, हात तोच, पण एक विमान दुकानात आहे आणि दुसरं शोधत फिरावं लागतं.

साच्यांना राजकारणही चुकत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रॉगचा कारभार गुंडाळला गेला, तेव्हा तिचे बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तिथून ‘नोवो’ या नावाने विकले जाऊ लागले. पण जर्मन, जपानी आणि इटालियन विमानांचे साचे सोव्हिएत बाजूने घेतले नाहीत. दोन कोटींहून जास्त माणसं गमावलेल्या देशाला शत्रूची विमानं आपल्या कारखान्यात ओतायची नव्हती. खेळण्याच्या साच्यालाही स्मृती असते ती अशी.

आता नॅट. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या इंग्रज रचनाकाराला लढाऊ विमानं दिवसेंदिवस जड आणि महाग होत चाललीत हे पटत नव्हतं. त्यांनी मुद्दाम छोटं विमान काढलं. १९५५ मध्ये ते उडालं. एकच खुर्ची, दोन ३० मिलिमीटरच्या तोफा, पंखांचा विस्तार जेमतेम ६.७३ मीटर. ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ विमान म्हणून ते घेतलंच नाही. घेतलं भारताने, शिवाय थोडी फिनलंड आणि युगोस्लाव्हियाने. १९५६ मध्ये आपला करार झाला आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये नॅट तयार होऊ लागली. १९६५ च्या युद्धात या चिमुकल्या विमानाने सेबर जेटशी टक्कर दिली आणि ‘सेबर स्लेयर’ हे नाव कमावलं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर सहा सेबर चालून आली. बॉम्ब पडत असताना सेखोंनी धावपट्टीवरून नॅट उचललं आणि एकट्याने त्यांच्याशी झुंजत प्राण दिले. हवाई दलाला मिळालेलं हे एकमेव परमवीर चक्र.

ब्रिटिशांनी याच विमानाची वेगळी आवृत्ती प्रशिक्षणासाठी घेतली : विद्यार्थी पुढे, शिक्षक मागे. त्यांचं रेड ॲरोज हे कसरती पथक १९६५ पासून तीच वापरत होतं. इंग्लंडमधल्या पोरांना माहीत असलेलं नॅट हे, आणि इंग्लिश कंपनीने साचा केला तोही याचाच. भारताने हे दोन खुर्च्यांचं नॅट कधी घेतलंच नाही.

म्हणजे बाई, मागची खुर्ची ब्रिटिश हवाई दलातल्या शिक्षकाची होती. मी दुसऱ्याच्या देशाचं विमान चंदेरी रंगाखाली लपवून त्यावर सेखोंचं नाव लिहिलं होतं.

हे कळल्यावर दोन रस्ते होते. कोणीतरी बरोबर साचा काढेल याची वाट पाहायची, नाहीतर चुकीच्या विमानातून बरोबर विमान कापून काढायचं. या छंदात दुसऱ्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. मी नोकरीत रोज दुसऱ्याने लिहून ठेवलेला प्रोग्रॅम उघडून आपल्या कामापुरता बदलते. हे त्याहून फारसं वेगळं नव्हतं. फक्त इथे ‘अन-डू’ नाही.

‘खुर्ची काढली की झालं’ असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. प्रशिक्षण नॅटची लांबी ९.६८ मीटर, लढाऊ नॅटची ८.७४. मॉडेलवर हा फरक तेरा मिलिमीटरचा. पंखांच्या विस्तारात आठ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार. शिवाय पंखांची रुंदीही जास्त, शेपूटही मोठं. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात गेले आणि खऱ्या नॅटशेजारी उभी राहिले. शेपटाचं टोक आठ फुटांच्या आसपास, आपल्या वर्गाच्या दारापेक्षा थोडंच उंच. एवढ्याशा विमानात एक माणूस बसून सहा जणांवर गेला, हे कुठल्याही पाठापेक्षा तिथे जास्त कळलं.

मग तसाच एक खोका मागवला. बारीक दातांच्या करवतीने विमानाच्या अंगातून कॉकपिटचा मधला तुकडा काढला. पुढचा आणि मागचा भाग जोडला तेव्हा मध्ये पायरी पडली. ती पुट्टीने भरली, पॉलिशपेपरने घासली, परत भरली, परत घासली. पंख कडेने आणि टोकाने कापून कानसले. हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या कडेला तोफांच्या जागा कोरल्या, कारण प्रशिक्षण विमानाला तोफाच नव्हत्या. पारदर्शक झाकण खोक्यातलं चालणारच नव्हतं. लाकडाचा साचा तासला, पारदर्शक शीट गरम करून त्यावर ओढली. पहिली तीन झाकणं सुरकुतली, चौथं जमलं. उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की केसासारखा धागा निघतो, त्याची अँटेना केली. चार महिन्यांचे रविवार गेले. घरचे म्हणाले, “एवढ्यात स्वयंपाकघराचं नूतनीकरण झालं असतं.”

या चार महिन्यांत माझा इतिहास जितका झाला तितका दहावीच्या अभ्यासातही झाला नव्हता. पुस्तकात ‘नॅट विमान’ एवढं लिहून भागतं. करवत हातात असली की भागत नाही. कुठलं नॅट? कोणाचं? कुठल्या साली? पंख नक्की कुठे संपतो? प्रत्येक प्रश्नाला मिलिमीटरमध्ये उत्तर द्यावं लागतं, आणि चुकीचं उत्तर समोर उभं राहून तुमच्याकडे बघत बसतं. आपल्या इतिहासाचा तयार साचा बाजारात नसेल तर तो असा घासूनच काढावा लागतो. त्याआधी कोणीतरी वाकून ‘ही खुर्ची कोणाची’ हे विचारावं लागतं. मला ते नववीतच विचारलं गेलं, हे माझं नशीब.

मेळाव्याला मी दोन्ही विमानं आणणार आहे, जुनं आणि नवं. जुन्यावर वर्तुळातले रंगही उलटे आहेत : मी केशरी मध्ये काढला होता, तो बाहेर हवा आणि हिरवा मध्ये. नव्याचा डावा पंख अजून अर्धा मिलिमीटर आखूड आहे, कोणी पट्टी आणलीच तर सापडेल. अँटेनाला कृपया हात लावू नका. कार्ड मी अजून लिहिलेलं नाही. मजकूर आधी बाईंना दाखवेन, मगच ठेवेन.